काकूंनी विचारलं आणि आम्ही पाहिलं

मला भेंडी आवडते, हे मला काकूंकडून कळलं. पहाडगंजात त्यांच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीत, मी राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुला भेंडीच आवडते ना गं?" नवी जागा, घरमालकीण, आणि विचारण्यात एवढी माया, की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं असतं. मी हो म्हटलं. मग एक दिवस आड भेंडी सुरू झाली. पुढे सुट्टीत कोल्हापूरला गेले तेव्हा आईने भरली वांगी केली होती. मी म्हणाले, "भेंडी नाही केलीस? मला लहानपणापासून आवडते." आईच्या म्हणण्याप्रमाणे लहानपणी मी भेंडी ताटाखाली लपवून उठत असे. मला तसलं काही आठवत नव्हतं. उलट आजीच्या हातची कुरकुरीत भेंडी मी ओट्याशी उभी राहून खाल्ली होती, हे मला अगदी स्पष्ट आठवत होतं. मी तसं सांगितलं. आई म्हणाली, आजी तुझ्या जन्माआधीच गेली.

काकूंचं सगळं विचारणं असंच असे. प्रश्नाच्या पोटात उत्तर भरूनच त्या तो पुढे करत. समोरच्याने फक्त मान हलवायची. भाजीवाल्याला विचारत, "आज तो बराबर तौला ना?" तो बिचारा "जी माताजी, आज तो बराबर" म्हणून जाई आणि मग बाकीच्या दिवसांचं काय, या विचाराने ओशाळून दोन टोमॅटो वर टाकी. एकदा ताप आला म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने नाडी धरली तोच काकूंनी विचारलं, "आपको नींद ठीक से नहीं आती ना?" डॉक्टर थबकला. मग खुर्ची पुढे ओढून तो आपल्या निद्रानाशाबद्दल बोलत बसला. काकूंनी त्याला जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं आणि आम्ही स्वतःसाठी काहीच औषध न घेता घरी आलो. तापही उतरला होता. निदान काकूंनी मला "उतरला ना गं?" विचारलं तेव्हा मी हात लावून हो म्हटलं.

काका केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं. संसारात त्यांनी एकदाही आपल्याला विरोध केला नाही, असं काकू अभिमानाने सांगत. फोटोतल्या चेहऱ्यावरूनही ते खरं वाटे.

महिला मंडळाची पानिपतची सहल काकूंनीच काढली होती. तिथे आम्हाला एक वाटाड्या मिळाला, अंगात काळा कोट आणि हातात छत्री. काकूंनी एका शेताच्या बांधावर उभं राहून त्याला विचारलं, "हमारा झेंडा यहीं था ना?" तो म्हणाला, "जी, बिल्कुल यहीं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अर्धा मैल पुढे गेल्यावर एका विहिरीपाशी काकूंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि झेंडा तिथेही निघाला. ऊन चढेपर्यंत आमचा झेंडा चार ठिकाणी होता. येताना बसमध्ये चादरींचे गठ्ठे मांडीवर घेऊन बायका आपापसांत वाद घालत होत्या, खरी जागा कुठली म्हणून. काकूंना मात्र चारही जागा खऱ्या वाटत होत्या. वाटाड्याने स्वतः सांगितलं होतं ना!

हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्यात कावा नव्हता. आपण सांगत नाही, विचारतोच, अशी त्यांची मनापासून समजूत होती. कोणी चिडून "तुम्हीच ठरवलंत की" म्हणालं तर त्यांना वाईट वाटे. "अगं, मी तर विचारलं फक्त," असं म्हणून त्या दिवसभर गप्प बसत.

त्यांना मनापासून राग होता तो एकाच गोष्टीचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तरुण सरदारजी आपल्या आईबरोबर राहत असे. तो फटफटी चालवी. आता दिल्लीतून त्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकलेल्या जुन्या दांडग्या मोटरसायकलींच्या मागे छपराची गाडी जोडायची आणि माणसं कोंबून कनॉट प्लेस ते लाल किल्ला फेऱ्या मारायच्या, असा तो प्रकार. पहाट झाली की तो तिला लाथा घालू लागे. चार-पाच लाथांनंतर ती जो आवाज काढी त्याने काकूंच्या देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणत असे. त्यांच्या उठण्याची वेळ त्या फटफटीने ठरवली होती आणि त्याबद्दल त्यांनी तिला कधी क्षमा केली नाही. येताजाता त्या पोराला त्या विचारत, "एक दिन किसी को ठोकेगा ना तू?" तो हसून हात जोडी. हो मात्र कधी म्हणाला नाही. काकूंच्या प्रश्नाला हो न म्हणणारा मी पाहिलेला तो पहिलाच माणूस.

आणि मग अप्पा पडले.

अप्पा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत, काकूंना वहिनी म्हणत, आणि रोज संध्याकाळी वाटी घेऊन दही आणायला जात. आयुष्यभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकून त्यांचे कान गेले होते. त्या संध्याकाळी गल्लीच्या वळणावर ते पालथे पडलेले सापडले. वाटी लांब उडालेली, दही नालीत, आणि पाय मांडीपासून विचित्र वळलेला. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. आरडाओरडा ऐकून खाली धावले. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आल्या. समोरचा मिठाईवाला लाला कढईवरून उठून आला. गर्दीत कोणीतरी म्हणालं, गाडीने उडवलं. कोण म्हणालं ते नंतर कधीच कळलं नाही.

अप्पांना इस्पितळात पोचवून आम्ही परत आलो. काकू संतापल्या होत्या. जिना चढता चढता त्यांनी मला विचारलं, "तू गच्चीवर होतीस. फटफटी वळताना पाहिलीस ना?"

मी म्हणाले, "हो, बहुतेक."

"पिवळं छप्पर दिसलं असेल ना?"

आता वळणापाशी काहीतरी पिवळं हललं होतं खरं, असं मला वाटू लागलं. रात्री अंथरुणावर पडले तर ते छप्पर पूर्ण दिसलं, त्याच्या फाटक्या झालरीसकट. सकाळी हवालदार आला तोवर "बहुतेक" कुठे गेलं होतं कोण जाणे. दरम्यान काकू लालाकडे जाऊन आल्या होत्या. "लालाजी, वो फटफटी भरधाव आया ना? और पीछे देखके भागा ना?" भरधाव हा शब्द लालाला कळला नसणार, पण त्याने मान हलवली. त्याची कढई भिंतीकडे तोंड करून आहे आणि जिलबी सोडताना त्याची पाठ रस्त्याकडे असते, ही गोष्ट आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. त्याच्याही नाही. हवालदाराला त्याने फटफटीवाल्याचा चेहरा कसा भ्यालेला होता, तेसुद्धा सांगितलं. काकू इस्पितळात गेल्या आणि प्लॅस्टरमधल्या अप्पांच्या कानाशी ओरडून त्यांनी विचारलं, "मागून घरघर ऐकू आली ना हो?" अप्पा छताकडे बघत म्हणाले, "आली असावी."

एवढे साक्षीदार एका जागी, एका सुरात मिळालेले पाहून हवालदार काकूंवर खूष झाला आणि त्याने काकूंचीही जबानी लिहून घेतली. दुपारी त्या पोराला ठाण्यात नेलं आणि फटफटी जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली. तो सांगत होता, आदल्या दिवसापासून मशीन बिघडलं होतं, झंडेवालानजीकच्या मिस्त्रीकडे उघडून पडलं होतं, मिस्त्रीने ते आत्ताच जोडून दिलं. पण मिस्त्री त्याचा मावसभाऊ निघाला. मावसभावाचं कोण ऐकतो? इथे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी त्याची आई आमच्या दारात आली. तिला सगळे बीजी म्हणत. फाळणीत सगळं सोडून आलेली, कमरेत वाकलेली बाई. ती भांडायला आली असणार म्हणून काकू पदर खोचूनच बाहेर गेल्या. मी मागे उभी होते. बीजीने आवाज चढवला नाही. ती पायरीवर बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "बहनजी, आपने क्या देखा?"

काकू म्हणाल्या, "मैंने देखा..." आणि थांबल्या.

त्यांचं तोंड उघडं होतं. मी वाट पाहत होते, बीजीही पाहत होती. काकूंना मी एवढा वेळ वाक्यावाचून पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसांत त्या सगळ्या गल्लीत हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. हवालदारानेसुद्धा "फटफटी ही थी ना?" असंच विचारलं होतं, त्याला ते काकूंनीच शिकवलं होतं. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "मी आत होते. कढीला फोडणी देत होते." हे त्या मराठीत म्हणाल्या, पण बीजीला कळलं.

बीजीने मग शांतपणे मिस्त्रीचं सांगितलं. मशीन दोन रात्री घरी नव्हतं, ती म्हणाली. हे ऐकताना काकूंचा चेहरा बदलत गेला. बीजी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, अप्पा पडले त्या सकाळी आपल्याकडे दूध नव्हतं." मला आठवलं. सरकारी बूथवरचं दूध उजाडायच्या आत संपायचं, आणि त्या दिवशी काकू पहिल्यांदाच झोपून राहिल्या होत्या. दोघींनी काळा चहा घेतला होता. त्यांना उठवायला फटफटी वाजलीच नव्हती.

काकू तशाच चपला घालून ठाण्यात गेल्या. ठाणेदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की बयान, म्हणजे जबानी, झालेलं आहे, आता जे बोलायचं ते कोर्टात बोला. पोरगा जामिनावर सुटला. फटफटी मात्र पुढे कितीतरी आठवडे ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहिली, आणि तो दुसऱ्याच्या फटफटीवर मिळेल तेव्हा फेऱ्या मारी.

काकूंनी चूक निस्तरायचं ठरवलं. पण त्यांच्याजवळ हत्यार एकच होतं. त्या लालाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "लालाजी, वो तो फटफटी नहीं, स्कूटर था ना?" लालाने झारा खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां जी. स्कूटर था. नीला." काकूंना हायसं वाटलं. त्यांनी विचारलं, मग फटफटी नव्हतीच ना? यावर लाला जरा दुखावला. तीही होती, तो म्हणाला; स्कूटर पुढे आणि फटफटी पाठोपाठ. आपण पाहिलेलं तो असा कसा टाकून देणार? त्या दिवशी काकू घरी आल्या आणि बराच वेळ डोक्याला हात लावून बसल्या. आता अप्पांना दोन गाड्यांनी उडवलं होतं.

मग त्यांनी माझ्यावर प्रयोग केला. "तू त्या वेळी गच्चीवर नव्हतीसच ना?" मी होते, हातात कपडे होते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी असं विचारताच मला खाली नळाशी बादली भरत असलेली मी दिसायला लागले. मी घाबरून म्हटलं, "काकू, प्लीज, मला आता काहीही विचारू नका." त्यांना माझं म्हणणं पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी अप्पांना तर त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द विचारला नाही. एवढा एक माणूस तरी आपल्या हातून आणखी बिघडू नये, असं त्या म्हणाल्या.

साधा प्रश्न विचारायला त्या शिकू लागल्या, तो काळ फार अवघड गेला. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. "आज," असं म्हणून दम घेत, "काय," मग ओठ घट्ट मिटत, "खाशील?" आणि एवढं झालं की मागोमाग "पिठलं ना?" सुटून जाई. मग स्वतःवरच चिडून त्या आत जात. हळूहळू जमलं. पण मोकळा प्रश्न विचारला की माणसं काहीही उत्तरं देतात, हे त्यांना नवीनच कळत होतं आणि त्याचा धक्काही बसत होता. मी एकदा उत्तर दिलं, "खरं सांगू? मला आज जेवायचंच नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्या घरात त्याच क्षणी राहायला आले होते.

केस उभी राहायला वर्षाच्या वर गेलं. तीस हजारीच्या कोर्टात आम्ही सगळे बाकावर ओळीने बसलो होतो. पलीकडे तो पोरगा आणि बीजी. आधी लालाला बोलावलं. त्याने स्कूटर पुढे, फटफटी मागे असं शपथेवर सांगितलं. मॅजिस्ट्रेटने कागद उलटून स्कूटर कुठे सापडते का पाहिलं. मग काठी टेकत अप्पा गेले. सरकारी वकिलाने प्रश्न विचारला, अप्पा "हँ?" म्हणाले. वकील मोठ्याने बोलला, अप्पा पुन्हा "हँ?" म्हणाले. तेव्हा पोराचा वकील उठला आणि त्याने फक्त एवढंच विचारलं की मग तुम्हाला मागून फटफटी ऐकू कशी आली. तो प्रश्न शिपायाने अप्पांच्या कानात ओरडून सांगितला. अप्पा विचार करून म्हणाले, "वो हमको अस्पताल में सुनाई दिया."

त्यानंतर काकू. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीची सुती साडी. त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा कठड्यावरून जेमतेम दिसत होत्या. सरकारी वकिलाने विचारलं, "आपने उस दिन क्या देखा?"

"कुछ नहीं," काकू म्हणाल्या.

वकिलाने त्यांचं जुनं बयान वाचायला घेतलं. काकूंनी ते पूर्ण ऐकलं आणि सांगितलं की मी घरात होते आणि त्या दिवशी सकाळी फटफटी सुरूच झाली नव्हती. मग या बाकीच्या साक्षीदारांनी काय पाहिलं, असं मॅजिस्ट्रेटने स्वतःच विचारलं. काकूंनी आमच्या बाकाकडे एकदा पाहिलं. महिला मंडळाच्या दोघीतिघी मागे बसल्या होत्या, त्यांच्याकडेही पाहिलं.

"साहब, मैंने जो पूछा, वही इन्होंने देखा."

मॅजिस्ट्रेटने पेन खाली ठेवलं. त्याला संशय आला असावा. तो म्हणाला, "आप पर किसी ने दबाव तो डाला है ना?"

काकूंनी हात जोडले. "साहब, ऐसा मत पूछिए. मैं हाँ बोल दूँगी."

कोर्टात हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्यावर साक्ष द्यायची वेळच आली नाही. पुढच्या तारखेला पोरगा सुटला.

त्या दिवशी बीजी घरीच होती. कोर्टाबाहेर तो आमच्यापाशी आला आणि म्हणाला, चलो, घर ही जा रहे हैं. फटफटी आता त्याला परत मिळाली होती. काकू आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात बसल्या, दोन्ही हातांनी दांडी धरून. समोर अप्पा, त्यांच्या शेजारी मी. राणी झाशी रोडच्या चढाला लागलो तेव्हा काकू पुढे वाकल्या. आता बिघडायचं काही उरलं नव्हतं. इंजिनाच्या त्या आवाजात अप्पांच्या कानाला तोंड लावून त्या ओरडल्या, "अप्पा, त्या दिवशी काय झालं होतं?"

अप्पांना बरोबर ऐकू आलं. ते ओरडूनच म्हणाले, "धोतर पायात आलं वहिनी. पडलो."

काकूंनी विचारलं, गाडी?

"गाडी कुठली?" अप्पा म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, कोणी उडवलं. मला उडवलं का, हे कोणी विचारलंच नाही. एवढी माणसं म्हणतायत तर उडवलं असेल, असं मलाही वाटलं. पण हल्ली हल्ली ते धोतरच आठवतं."

पोराने मान मागे वळवून विचारलं, काकाजी क्या कह रहे हैं? मी काकूंच्या दंडाला हात लावला. गप्प राहता आलं असतं. पण त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात, त्याला सगळं सांगितलं. गाडी नव्हतीच. कोणाचीच नव्हती.

त्याने फटफटी कडेला घेतली आणि बंद केली. एकदम फार शांत झालं. तो उतरला, चालत पदपथावर गेला आणि आमच्याकडे पाठ करून कठड्यावर बसला. त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता की रडत होता, हे मला आजही कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. खांदे हलत होते, एवढं मी पाहिलं.

काकू फटफटीतून हळूच उतरल्या, साडी सावरली आणि जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी काहीही विचारलं नाही.